शेपट्यांचा अल्बम

मासा माणसाच्या कॅमेऱ्याला तोंड देत नाही, शेपटी देतो. हा निष्कर्ष मी कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही. माझ्या संगणकात 'समुद्रजीवन' नावाचं फोल्डर आहे, त्यात तो सप्रमाण सिद्ध केलेला आहे. पिवळी शेपटी, काळ्या पट्ट्यांची शेपटी, दुभंगलेली शेपटी, अर्धी शेपटी, आणि जिथून शेपटी नुकतीच निघून गेली आहे अशी निळीहिरवी रिकामी जागा. मुलीने त्या फोल्डरचं नाव बदलून 'टाटा बाय बाय' केलं आहे. मी ते पुन्हा बदललेलं नाही, कारण वर्णन म्हणून ते जास्त अचूक आहे.

शहाडच्या माणसाने समुद्राच्या नादी लागावं असं काही कारण नव्हतं. आमच्याकडे पाणी म्हणजे उल्हास नदी. तिचं पाणी उचलून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत पोचवणारी योजना आमच्याच गावाचं नाव लावते, शहाड-टेमघर. तरीही दुरुस्तीच्या दिवसाआधी आमच्या इमारतीत पिंपं भरायची धावपळ असतेच. मोहन्याच्या बाजूला नदीवर जलपर्णी माजते, तेव्हा पाणी बघायचं तर आधी पाला बाजूला सारावा लागतो. बाकी शहाडात रेयॉनचा कारखाना आहे, बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ आहे, आणि मुरबाडकडे जाणाऱ्या गाड्या खोळंबतात तो पूल आहे. प्रवाळ नाही.

पण २०२४च्या जानेवारीत एक योग जुळून आला. भारतीय नौदलाची 'गुलदार' ही युद्धनौका त्या महिन्यात सेवेतून निवृत्त झाली, आणि फोर्टातल्या एका कचेरीत हिशेब लिहिणारा मीही. ती पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ साली नौदलात आलेली, सुमारे ८४ मीटर लांब. माझी मापं इथे अप्रस्तुत आहेत. पुढे पेपरात वाचलं की या 'गुलदार'ला सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ समुद्राच्या तळाशी बसवायचं ठरलं आहे. तिच्या अंगावर प्रवाळ वाढावेत, पोटात मासे राहावेत, आणि पर्यटकांनी पाणबुड्यांसारखं खाली जाऊन ते बघावं, यासाठी केंद्राने सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले आहेत. मला शाल आणि नारळ मिळाला होता. नारळाची त्याच आठवड्यात चटणी झाली.

तेव्हा ठरवलं, आपणही निवृत्तीनंतर पाण्याखाली जायचं. आणि नुसतं जायचं नाही, फोटो काढायचे.

मग वाचायला बसलो. समुद्राच्या तळाशी मुद्दाम काही टाकायचं, सिमेंटचे ठोकळे, पोकळ कांड्या, जुनी जहाजं, म्हणजे तिथे मासळी वस्तीला येते. याला कृत्रिम प्रवाळभित्ती असं भारदस्त नाव आहे. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला हा विषय समजायला अजिबात वेळ लागत नाही. आधी मोकळ्या जागेत रातोरात काँक्रीट उभं राहतं. काही दिवसांत त्यावर जिवाणूंचा आणि शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, हा भूमिपूजनवाला. मग बार्नेकल आणि कालवं येतात, ती आपली घरं थेट भिंतीलाच सिमेंटने चिकटवतात, त्यामुळे त्यांना कुणी उठवू शकत नाही. मग स्पंज, समुद्रफुलं. भेगाभेगांतून खेकडे शिरतात, ते पोटभाडेकरू. लहान मासे आसऱ्याला येतात, त्यांच्या मागे त्यांना खाणारे मोठे मासे येतात, आणि बघता बघता इमारत भरते. करारनामा नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, रेराचा क्रमांक खरा की खोटा ही विचारपूस नाही. आमच्याकडे अशा इमारती पाडायचे आदेश निघतात, समुद्रात त्यांना अनुदान मिळतं.

मुंबईत वरळी कोळीवाड्यासमोर २०२४ साली असे २१० ठोकळे सोडले, किनाऱ्यापासून साधारण ५०० मीटरवर. पाचशे मीटर म्हणजे शहाड स्टेशन ते आमचं घर. मी पाण्यात घालायचा चष्मा पिशवीत टाकला आणि टिटवाळा लोकल पकडून निघालो. कोळीवाड्यात जाळं विणत बसलेल्या एका मावशींना विचारलं, ते ठोकळे कुठून दिसतात? त्यांनी आधी मला बघितलं, मग पिशवी बघितली.

"दिसतीन कशे? पान्यात हात घाल, तुझा तुलाच हात दिसाचा नाय."

मी हात घातला. मनगटापर्यंत दिसला. मावशींचा अंदाज थोडा चुकला होता, पण मुद्दा बरोबर होता.

(एक गोष्ट जाता जाता. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या जिवंत प्रवाळाच्या १८ वसाहती २०२० साली उचलून कुलाब्याच्या बाजूला नेऊन बसवल्या होत्या. खऱ्या रहिवाशांना हलवायचं आणि मग त्याच पट्ट्यात नव्यांसाठी सिमेंट टाकायचं, हा क्रम मला हिशेबनीस म्हणून कळत नाही. वरळीचे ठोकळे टाकणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, ते काम चांगलंच आहे. तक्रार क्रमाबद्दल आहे.)

म्हणजे मालवण. महाराष्ट्रात पाण्याखाली काही दिसण्याची शक्यता असलेली जागा तीच. पण आधी शिकायला हवं होतं, आणि शिकण्याआधी सामान हवं होतं. सेकंडहँड कॅमेरा मिळाला, सोबत त्याची पारदर्शक जाड पेटी. पेटीच्या झाकणाला रबरी ओ-रिंग असते, सगळा भार तिच्यावर. तिला ग्रीस लावायचं, तिच्यावर धूळ, वाळूचा कण, केस काही राहू द्यायचं नाही. एक केससुद्धा पाण्याला वाट देतो. हे वाचून मी निर्धास्त झालो. माझ्या डोक्यावरची एकूण परिस्थिती पाहता केसाची भीती मी बाळगण्यात अर्थ नव्हता. पेटीत बाष्प धरू नये म्हणून सिलिकाच्या पुड्या ठेवतात, त्या मी चपलांच्या खोक्यांतून जमवल्या. बायकोने ओ-रिंग एकदा धुऊन कुकरच्या रिंगांबरोबर खिळ्याला टांगून ठेवली होती. ती शोधण्यात अर्धा रविवार गेला, आणि दरम्यान डाळ कच्ची राहिली, कारण कुकरला भलतीच रिंग लागली होती.

पहिला सराव घरीच केला. दुसऱ्या दिवशी पाणी येणार नव्हतं, त्यामुळे बाथरूममधलं निळं पिंप काठोकाठ भरलेलं. बाजारातून एक उमदा बांगडा आणला, त्याला दोऱ्याने पिंपात सोडला आणि कॅमेरा बुडवून वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले. काय सुंदर आले! डोळा, कल्ले, पाठीवरच्या हिरव्या रेघा, सगळं लख्ख. मेलेला मासा तोंड देतो. त्या आनंदात मी कॅमेरा पुसला, फोटो संगणकावर चढवले, मोठे करून पाहिले, आणि झोपलो.

पहाटे बाथरूममधून शांत आवाज आला.

"अहो, पिंपात बांगडा आहे."

घरात दिवसभराचं पाणी तेवढंच होतं. त्या दिवशी शहाडात आमच्या घरातल्या सगळ्यांच्या अंगाला जो वास येत होता तो सहप्रवाशांनी शालीनपणे सहन केला. लोकलच्या व्हेंडर डब्याशेजारी उभं राहिलं की असल्या गोष्टींची चौकशी होत नाही.

मग पोहण्याच्या तलावात रीतसर स्कुबाचं शिक्षण. प्रशिक्षक माझ्या मुलीच्या वयाचा. त्याने माझं वैद्यकीय प्रमाणपत्र तपासलं, मला उलटंपालटं बघितलं आणि म्हणाला, "काका, मास्कमध्ये पाणी शिरतंय. मिशी आहे ना, त्यामुळे सिलिकॉन कातडीला नीट चिकटत नाही." चाळीस वर्षं जोपासलेली मिशी! पण गुलदारने तोफा उतरवल्या असतील तर आपण मिशी का उतरवू नये? कल्याणला सलूनमध्ये गेलो आणि सफाचट करून आलो. पुढच्या वर्गाला प्रशिक्षक म्हणाला, "अरे काका, व्हॅसलीन लावलं असतं तरी चाललं असतं."

मिशी काढलेला माझ्या वयाचा मराठी माणूस जिन्यात दिसला की लोक काय समजतात, हे त्या पोराला माहीत असायचं कारण नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला बघून हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. आवाज उतरवून म्हणाल्या, "कधी झालं?"

"परवा. कल्याणला."

"एकाएकी?"

"नाही, दोन-तीन आठवडे त्रास होता. सारखं पाणी आत जात होतं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "मग काढलं नाही का पाणी?"

"काढत होतो ना, पण नाकाने किती फुंकणार? शेवटी म्हटलं, एकदाचं काढूनच टाकू."

त्या जरा मागे सरकल्या. संध्याकाळी शेजारून पिठलं-भात आला. रात्री सोसायटीचे सेक्रेटरी येऊन पाच मिनिटं न बोलता बसून गेले. पिठलं फार चांगलं झालं होतं, म्हणून खुलासा आम्ही दुसऱ्या दिवशी केला.

मालवणला जायचा दिवस मी पंचांग बघून काढला. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. हे गणित हिशेबनिसाला आवडणारच. मी विचार केला, अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी जास्त, म्हणजे मासे जास्त. वाक्य बिनतोड होतं. रात्रीची कोकणकन्या ठाण्याहून पकडली, सकाळी कुडाळ, तिथून मालवणची एसटी. मालवणपासून जवळच्या एका वाडीत एक जुना धक्का खचलेला होता, त्याचे सिमेंटचे ठोकळे पाण्यात पडून होते. कुणी ठरवून केलेली ही कृत्रिम भित्ती नव्हती, पण मासळीला ठराव लागत नाही. होडी लागणार नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि चार-पाच मीटरवर ठोकळे, असं फोनवर सांगितलं होतं. उथळ म्हणजे सोपं, हीही माझी एक बिनतोड समजूत होती.

सोबतचा डायव्हर पोरगा वाळूत उकिडवा बसला होता.

"खयसून इलात?"

"शहाडहून."

"ता खय इला?"

"कल्याणच्या पुढे."

"आज उधान आसा. पानी गढूळ. तुमी भांगाक येवचा हुता."

अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीत फार फरक पडत नाही, पाण्याची ओढ कमी असते, तळ ढवळला जात नाही, त्यामुळे पाणी निवळ राहतं. हा भांगाचा काळ बुडणाऱ्यांचा. उधाणात मोठी ओढ असते आणि सगळी वाळू, माती, शेवाळाचा भुसा पाण्यात फिरत असतो. मी तिथीची पाऊणपट केली होती, अकलेची केली नव्हती.

पायात पोहण्याचे फिन्स घालून पुढे चालता येत नाही. त्यांचं पातं वाळूत रुततं आणि माणूस तोंडावर येतो. म्हणून पाठमोरं, पाय घासत समुद्रात शिरायचं असतं. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाचे तुकडे, हातात कॅमेऱ्याची पेटी, मिशीविना तोंड, असा मी किनाऱ्याकडे बघत उलटा चालू लागलो. किनाऱ्यावर पर्यटकांचा एक घोळका वडापाव खात उभा होता. त्यातलं एक लहान पोर ओरडलं, "मम्मी, ते आजोबा चुकीच्या बाजूला चाललेत!" मी त्याला हात करणार एवढ्यात मागून लाट आली आणि मी गुडघाभर पाण्यात बसलो. उठलो, पुन्हा बसलो. घोळक्याने टाळ्या वाजवल्या. विठ्ठलाच्या कृपेने त्यांच्यापैकी कुणी शहाडचं नव्हतं.

उथळ पाणी सोपं नसतं, ते जास्त अवघड असतं, आणि त्याचं कारण साधं भौतिकशास्त्र आहे. दहा मीटरवर गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. पुढे तो पुन्हा दुप्पट व्हायला आणखी वीस मीटर लागतात. म्हणजे पहिल्या काही मीटरांतच अंगावरच्या तरंगायच्या जाकिटातली हवा सगळ्यात वेगाने फुगते आणि आक्रसते. खोलवर एखादा मीटर वरखाली झालात तर फारसं बिघडत नाही, चार मीटरवर अर्धा मीटर वर आलात की हवा फुगते, ती तुम्हाला आणखी वर नेते. त्यातून मी प्रत्येक फोटोआधी श्वास छातीत धरत होतो, त्यामुळे नेम धरला की वर जायचो. चुकून श्वास सोडला की तळाशी. तळाला फिन्स लागले की वाळूचा लोट. मग वाट बघायची, लोट बसायचा, आणि तोवर मासा आपल्या कामाला गेलेला.

पाण्याखाली वस्तू एकतृतीयांश मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. त्यामुळे हातभर मासा म्हणून ज्याच्या मागे मी जिवाच्या आकांताने पाय मारत होतो तो वीतभर होता, आणि जवळ आहे म्हणून जिथे हात पोचवत होतो तिथे तो कधीच नव्हता. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं, त्यात घाई केली तर फक्त दम लागतो. आणि मी कसारा लाइनचा माणूस! डब्यात शिरायचं तर कोपर आधी, हे मी चाळीस वर्षं शिकलो होतो. ते शिक्षण मी ठोकळ्यांच्या भेगांपाशी वापरलं. लाल रंग वरच्या चार-पाच मीटरांतच पाण्यात विरून जातो, म्हणून फ्लॅश लावला. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी, त्यामुळे माशाआधी पाण्यातला प्रत्येक कण उजळला. फोटोत मालवणला बर्फ पडल्याचं दिसतं. फ्लॅश लांब काठीवर, बाजूने आणि तिरका धरायचा असतो, हे मला फोटो बघून कळलं. तज्ज्ञ ते आधी वाचतात.

आता त्या ठोकळ्यांचे रहिवासी. कालवांनी भिंती भरलेल्या, एका कोपऱ्यात समुद्रफुलं, त्यांच्याखाली कुर्ली. आणि एका सपाट भागावर जांभळट रंगाचा हातभर पट्टा. मला वाटलं, दुर्मीळ स्पंज. जवळ गेलो, अगदी जवळ, आणि तिथे सेक्रेटरी आले. अंगावर पाच काळे पट्टे, पाठीवर पिवळी झाक, लांबी माझ्या तळहाताएवढी. सार्जंट मासा. तो जांभळा पट्टा म्हणजे त्याच्या मादीने घातलेली अंडी, आणि राखण नराकडे. तो कुणालाही हटकतो, आकार बघत नाही. त्याने थेट पेटीच्या काचेवर धडक मारली. मी मागे सरकलो, तो पुढे. मी आणखी मागे. या एका माशाने मला पूर्णवेळ तोंड दिलं, पण मी तेव्हा फोटो काढण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. तिसऱ्या धडकेला मी पाठीमागे जे काही होतं त्याच्यावर बसलो.

ते समुद्री साळिंदर होतं. काळं, लांब काट्यांचं. पातळ वेटसूट त्या काट्यांना अडवत नाही.

तोंडात रेग्युलेटर असताना ओरडता येतं, पण ते फक्त बुडबुडे म्हणून वर जातं. पोरग्याने बुडबुडे बघितले आणि आला. त्याने मला हाताने खूण केली, हलू नका. हलण्याची माझी इच्छाही नव्हती. तेवढ्यात पेटीत काही चमकलं. आत, भिंगाखाली, पाण्याची एक रेघ. ओ-रिंगवर केस होता. पांढरा आणि आखूड. डोक्याचा नव्हे. मिशी गेली ती पूर्णपणे गेलीच नव्हती, तिचा एक प्रतिनिधी पेटीत बसून आला होता.

कॅमेरा विझला. मागे काटे, हातात मेलेला कॅमेरा, आणि हलायचं नाही. चार मिनिटं असेन तसा. तेव्हा ठोकळ्याखालून एक गोब्रा बाहेर आला, फार मोठा नव्हे, ठिपकेदार, जाड ओठांचा. तो माझ्यासमोर येऊन थांबला. सरळ, समोरासमोर, पूर्ण तोंड. त्याच्या मागून आणखी लहान मासे आले, सगळे तोंडाच्या बाजूने. पोरग्याने वर आल्यावर सांगितलं, "तुमी हलाक नाय, म्हनान इले. क्यामेरो गेलो, मासो नाय गेलो." घरी ही हकीगत कुणीही खरी मानलेली नाही, आणि पुरावा मागितला तर माझ्याकडे फक्त शेपट्या आहेत.

काटे गरम पाण्यात शेकून चिमट्याने काढतात. सगळे निघत नाहीत. परतीच्या गाडीत माझी खिडकीची आरक्षित जागा होती आणि कुडाळ ते ठाणे मी उभा आलो. शेजारचा प्रवासी दर स्टेशनला म्हणायचा, "बसा ना काका, जागा तुमचीच आहे." ठाण्याला लोकलमध्ये चढलो तर उभे सगळेच होते, तेवढ्याने बरं वाटलं.

कॅमेरा दुरुस्तीला टाकला आणि मग एका मित्राने सांगितलं, अरे, बुडतोस कशाला, मुंबईतच ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यात सगळं बघायला मिळतं. 'मरीन लाईफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७पासून लोकांना किनाऱ्यावर घेऊन फिरतात, वगैरे. मी म्हटलं, मी स्वतःच जाऊन येतो. मालवणचा धडा पक्का होता: उधाण नको, भांग हवा. अष्टमी गाठली आणि शहाडहून दादर, दादरहून वांद्रे करत कार्टर रोडला पोचलो. भांगाला ओहोटीही जेमतेमच होते. खडक पाण्याखाली होते, आणि मी दोन तास बाकावर बसून समुद्राचा पृष्ठभाग बघितला. बुडायला भांग, चालायला उधाण. एवढं साधं होतं, आणि मी दोन्ही वेळा उलटं गेलो होतो.

पुढच्या अमावास्येला रीतसर एका गटाबरोबर गेलो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास, आणि पाणी चार-पाच मीटर खाली जातं. खडक उघडे पडले होते. मी फोन काढला, आणि पहिल्याच डबक्यात मला ती दिसली! केशरी-लाल, पातळ, कडा दुमडलेली, पाण्याच्या हेलकाव्याने हळूहळू हलणारी समुद्री गोगलगाय. मी श्वास सोडला, हललो नाही, कोपर वापरलं नाही. सगळं शिकलेलं वापरलं. फोटो उत्कृष्ट आला, तोंडाच्या बाजूने. गटाबरोबरच्या ताईंना अभिमानाने दाखवला. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला आणि अतिशय सौजन्याने म्हणाल्या, "काका, यावर 'तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे' लिहिलंय."

शेजारच्या डबक्यात दुसरीतल्या एका मुलीने तेवढ्यात खरी गोगलगाय शोधली. नखाएवढी होती. माझ्या फोटोत ती आहे, मुलीच्या बोटाखाली.

ज्यांना जायचं असेल त्यांनी पंचांग बघून जावं, आणि मी कोणत्या दिवशी निघालोय ते विचारून तो दिवस टाळावा. मालवणात बुडालात तर गाईडने माशांना पाव घालायला काढला की नको म्हणा. त्याने मासे फोटोला तोंड देतात हे खरं, पण पाव हे त्यांचं अन्न नव्हे. खडकावर दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा, खालचे भाडेकरू बेघर होतात. आणि कुणाला हवा असल्यास एक सेकंडहँड कॅमेरा पेटीसह विकणे आहे. दुरुस्त केलेला आहे, ओ-रिंग नवी आहे, सिलिकाच्या पुड्या फुकट. घेणाऱ्याने दाढी-मिशी करून यावं.